भ्रमणध्वनी आणि लोकव्यवहार

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात भ्रमणध्वनीचे युग सुरू झाले. आज हे साधन खेडोपाडी पोहोचले आहे. ते वापरण्याची रीत मात्र अद्याप पुरती अंगवळणी पडलेली नाही.

तहसील कार्यालयातील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. निराधार योजनेच्या अर्जाची चौकशी करण्यासाठी एक वृद्धा एस.टी.ने आली आहे. ती बोलू लागते तोच टेबलावरील भ्रमणध्वनी वाजतो. कर्मचारी तो कानाला लावतो. वृद्धा अर्धे वाक्य ओठांवर धरून उभी राहते. यामागे दुष्टावा नसतो. परंतु त्या क्षणी शासनाविषयी तिचे जे मत बनते, ते कितीही प्रसिद्धीने बदलत नाही.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये याविषयी शासकीय कर्मचाऱ्यांना सूचना दिल्या. कार्यालयीन कामासाठी शक्यतो कार्यालयातील दूरध्वनी वापरावा, भ्रमणध्वनीवर सौजन्याने व हळू आवाजात बोलावे, खासगी संभाषण बाहेर जाऊन करावे, बैठकीत यंत्र निःशब्द ठेवावे, असे त्यांत सांगितले आहे.

कार्यालयाबाहेरही हीच शिस्त उपयोगी आहे. सरपंचांनी प्रथम स्वतःचा भ्रमणध्वनी निःशब्द करून ग्रामसभेस प्रारंभ केला, तर इतरांना निराळे सांगावे लागणार नाही. वर्गात शिक्षकांनी तो दूर ठेवावा. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. प्रवासात मोठ्याने गाणी लावून सहप्रवाशांची झोपमोड करू नये. लाभार्थ्याचा आधार क्रमांक वा आजाराची माहिती चारचौघांत उच्चारू नये. ती त्याची खासगी बाब आहे.

काही निरोप तातडीचे असतात, हेही खरे. अशा वेळी "क्षमा करा, दोन मिनिटे थांबता का?" एवढे विचारावे, थोडक्यात बोलावे आणि परतल्यावर "हं, आजी, तुम्ही काय सांगत होता?" असे म्हणून तुटलेला धागा आपणच जोडावा. यास निधी लागत नाही, की मंजुरी. समोरच्या माणसाचा मान प्रथम, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.