नेट जाऊन येतं तेव्हा

पोरी, ऑफिसातलं नेट पूर्ण बंद पडलं तर काम सोपं असतं. जे मेलंय ते समोर दिसतं. जीव खातं ते जाऊन येणारं नेट. तू अकाउंट्सला पोचेस्तोवर सगळं सुरळीत, आणि पाठ वळली की परत फोन. अशा वेळी पहिला मोह राउटर बंद-चालू करायचा. सगळेच तो सल्ला देतील. तू लगेच ऐकू नकोस. तासभर बरं वाटतं, पण दोष होता तिथंच राहतो आणि राउटरच्या लॉगमधल्या नोंदी बहुतेक वेळा पुसल्या जातात. आधी दोष रंगेहाथ पकडायचा, हात मग लावायचा.

पकडायला सुरुवातीला कागद पुरतो. ज्या मॅडमचं नेट जातं त्यांच्या टेबलावर एक कोरा कागद चिकटव. किती वाजता गेलं, किती वेळानं आलं, शेजारच्यांचंही गेलं का, एवढंच त्यांनी लिहायचं. दोन-तीन दिवसांत चित्र दिसायला लागतं. एकाच टेबलाचं जात असेल तर ती केबल किंवा तो संगणक. एका ओळीतल्या चौघांचं एकदम जात असेल तर त्यांचा स्विच, किंवा त्या स्विचला येणारी केबल. सगळ्या ऑफिसचं जात असेल तर राउटर किंवा बाहेरची लाइन. शिपाई मामांना आणि झाडूपोछ्याच्या मावशींनाही विचार. कुठला प्लग कोण, कधी काढतं हे साहेबांना ठाऊक नसतं, त्यांना असतं.

मग त्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या तीन काळ्या खिडक्या उघड आणि तिन्हींत पिंग सोड, शेवटी मायनस टी लावून, म्हणजे ते थांबणार नाही. एक पिंग राउटरला, एक त्याच स्विचवरच्या शेजारच्या संगणकाला किंवा प्रिंटरला, एक बाहेर ८.८.८.८ ला. आधी तिन्हींकडून उत्तर येतंय ना बघ, कारण काही संगणकांचा फायरवॉल पिंगला जबाबच देत नाही. नेट जाईल तेव्हा कुठली खिडकी अडकली ते बघायचं. फक्त बाहेरची अडकली तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. इंटरनेटवाल्यांना वेळांसकट सांग, मग ते टाळाटाळ करत नाहीत. राउटर आणि बाहेरची अडकली पण शेजारी उत्तर देतोय, तर स्विच ते राउटर हा टप्पा बघ. तिन्ही गेल्या तर त्या टेबलापासून स्विचपर्यंतच शोध. अडकल्यावर ओळ कुठली येते तेही वाच. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे प्रश्न गेला, उत्तर आलं नाही. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर प्रश्न संगणकाबाहेरच पडलेला नाही. तिथं केबल, लॅन कार्ड किंवा ड्रायव्हर बघायचा. पिंगच्या ओळीवर घड्याळाची वेळ येत नाही, म्हणून मॅडमचा कागद चालूच ठेव.

आता वीज, कारण याकडे कुणी बघतच नाही. आपल्याकडे संगणक यूपीएसवर असतो आणि स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या बोर्डावर. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, दिवा क्षणभर मंद झाला, की स्विच बंद पडून पुन्हा उठतो. संगणक चालूच असल्यामुळे वीज गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे म्हणतात, नेट गेलं. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घे. स्विचचा काळा अॅडॉप्टर हातात धरून बघ. चटका बसण्याइतका गरम असेल किंवा पिन सैल असेल तर तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा लाव.

यातूनही सुटलं नाही तर खाली वाक आणि केबल बघ. मला विचारशील तर निम्मा आजार इथंच असतो. प्लगची ती छोटी प्लास्टिकची जीभ तुटलेली असते. प्लग आत बसलेला दिसतो, पण खुर्ची सरकली, सीपीयूला पाय लागला, की केसभर बाहेर येतो. टेबलाखाली टॉर्च मारून प्लग हलकेच हलव आणि लॅन पोर्टचा दिवा बघ. दिवा विझून पेटला की चोर सापडला. प्लग नीट दाबलेला आहे का तेही बघ. केबलचं बाहेरचं वेष्टण प्लगच्या आत गेलेलं पाहिजे, म्हणजे पकड वेष्टणावर बसते. कित्येक ठिकाणी आठ बारीक तारा उघड्या लोंबत असतात आणि सगळा ताण त्यांच्यावर येतो. नवा प्लग मारताना तारांचे पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नकोस. क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच.

एक खूण लक्षात ठेव. कनेक्शनच्या स्टेटसमध्ये वेग १ जीबीपीएस हवा तिथं १०० एमबीपीएस दिसत असेल आणि दोन्हीकडची उपकरणं गिगाबिटची असतील, तर एखादी तार तुटल्याचा संशय घे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. म्हणून लंगडी केबलही चालते आणि कुणाला संशय येत नाही. स्विचपासून संगणकापर्यंतचं अंतर सगळं धरून १०० मीटरच्या आत पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या वर उंदीर कुरतडतात, पावसाळ्यात गळतीखालच्या प्लगचे दात हिरवे पडतात. तिथं शिडी लावून स्वतः बघ. केबलवाल्याच्या तोंडी खात्रीवर विसंबू नकोस, आणि नवी केबल घेताना शुद्ध तांब्याचीच माग. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल वाकवता वाकवता आतून तुटते.

केबल निर्दोष निघाली तर आयपी पत्ते तपास. प्रिंटरला कुणीतरी हातानं पत्ता देऊन ठेवलेला असतो आणि राउटर तोच पत्ता एखाद्या संगणकाला वाटतो. मग दोघं आळीपाळीनं गायब होतात. ठरावीक पत्ते वाटपाच्या यादीबाहेर ठेव. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर संगणकाला पत्ता वाटणारा सापडलेलाच नाही. आणि कुणी घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला असेल तर तोही पत्ते वाटत सुटतो. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल दिल्यावर ‘डीएचसीपी सर्व्हर’च्या ओळीत अनोळखी पत्ता दिसला, की सगळ्या टेबलांखालून शोधत निघ.

बाकीचं थोडक्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढ. मीटिंगच्याच दिवशी सगळा मजला अडकत असेल तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये कुणी खुपसलीत का बघ. मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते तेव्हा नेट गेलेलंच असतं असं नाही. विंडोजचं शेअरिंग १५ मिनिटं काम न झालेलं कनेक्शन आपणहून सोडतं, क्लिक केलं की परत जोडतं. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेव, आणि पँट्रीतला मायक्रोवेव्ह चालू असतानाच नेट जातं का तेवढं विचार.

एका वेळी एकच गोष्ट बदल. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदललेस तर दोष गेल्यावरही कशानं गेला ते कळणार नाही, आणि पुढच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून. बदल केल्यावर पिंग पूर्ण दिवस चालू राहू दे, मगच मॅडमना झालं म्हणून सांग. काढलेली खराब केबल ड्रॉवरमध्ये परत टाकू नकोस. दोन्ही टोकांचे प्लग कात्रीनं कापून टाक, म्हणजे गडबडीत कुणी ती पुन्हा लावणार नाही. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना टेबलाचा आणि पोर्टचा नंबर चिकटव.