स्नायू : ओढणे आणि सोडणे

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मानवी शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. चालणे, बोलणे, लिहिणे, डोळे फिरवणे, ही सारी कामे तेच करतात. या सर्वांना लागू पडणारा एक नियम आहे आणि तो प्रथम ऐकताना खरा वाटत नाही. स्नायू फक्त ओढू शकतो; तो ढकलू शकत नाही. मग आपण दार ढकलतो ते कसे? दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू कोपराचे हाड मागून ओढतो, त्यामुळे वाकलेला हात सरळ होतो आणि दार पुढे जाते. आपल्याला जे ढकलणे दिसते ते आतून पाहिल्यास ओढणेच असते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शरीरशास्त्राशी माझा संबंध मानसशास्त्राच्या पेपरातील मज्जासंस्थेच्या एका प्रकरणापुरता. तरीही हा विषय मी लेखासाठी निवडला त्याला कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मोंढ्यात हमाल आहेत. गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली तेव्हा दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिले होते, 'जड वजन उचलू नये.' ज्याचे पोट वजन उचलण्यावर आहे त्याने या कागदाचे काय करावे, हा प्रश्न घरात सर्वांनाच पडला. माझ्या वाट्याला ग्रंथालय आले. कंबर धरते म्हणजे नेमके काय होते, ते शोधता शोधता मी स्नायूंपर्यंत पोचले. वाचले त्यातले जे मला स्पष्ट समजले, तेच येथे मांडत आहे.

प्रथम स्नायू ओढतो कसा ते पाहू. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूच्या आत दोन प्रकारचे धागे एकाआड एक रचलेले असतात. जाड धागा मायोसिन या प्रथिनाचा आणि बारीक धागा मुख्यतः ॲक्टिनचा. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे रबरासारखे आखूड होत असावेत, असा पूर्वी समज होता. १९५४ साली अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ निडरगेर्के यांनी आणि स्वतंत्रपणे ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांनी दाखवून दिले की धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या धाग्याला असंख्य लहान डोकी असतात. ती ॲक्टिनचा धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे होऊन पुन्हा पकडतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपले हात हेच करतात. दोर आखूड होत नाही. हातावर हात पडत जातो आणि पोहरा वर येतो.

या शेंदण्याला मज्जातंतूतून आलेला संदेश सुरुवात करून देतो. संदेश पोचताच तंतूत कॅल्शियम मोकळे होते आणि धाग्यावरील पकडण्याच्या जागा उघड्या होतात. लागणारी ऊर्जा ए.टी.पी. नावाच्या रेणूकडून मिळते. येथे एक गोष्ट मला विशेष वाटली. मायोसिनच्या डोक्याला पकड सोडण्यासाठी नवा ए.टी.पी. रेणू यावा लागतो. तो आला नाही तर पकड तशीच राहते. माणूस गेल्यावर काही तासांनी देह ताठतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कारण हेच. नवा ए.टी.पी. तयार होणे थांबते आणि धाग्यांची पकड सुटत नाही. पुढे एकदोन दिवसांत प्रथिनेच विघटित होऊ लागली की देह पुन्हा सैल पडतो. सारांश, जिवंत स्नायूला सोडण्यासाठीही खर्च करावा लागतो.

आता एकट्या स्नायूवरून स्नायूंच्या जोडीकडे वळू. स्नायूला ढकलता येत नसल्यामुळे आपण आखडलेला स्नायू स्वतःहून पुन्हा लांब होऊ शकत नाही. त्याला कोणीतरी उलट बाजूने ओढून लांब करावे लागते. म्हणून बहुतेक सांध्यांवर स्नायू विरोधी जोड्यांनी बसवलेले असतात. दंडाच्या पुढचा द्विशिर स्नायू कोपर वाकवतो, मागचा त्रिशिर ते सरळ करतो. दोघांनी एकाच वेळी सारख्याच जोराने ओढले तर हात जागच्या जागी ताठ होईल. हात हलायचा तर एकाने ओढावे आणि दुसऱ्याने ढिले पडावे लागते. बैलगाडी हाकणारा डावीकडे वळताना डावा कासरा ओढतो आणि उजवा सैल सोडतो, तसेच हे आहे. इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी सिद्ध केले की एका स्नायूला आखडण्याचा हुकूम जातो त्याच वेळी त्याच्या विरोधी स्नायूचे मज्जापेशी मेरुरज्जूतच रोखले जातात. मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी शेरिंग्टन यांना एडगर एड्रियन यांच्यासमवेत १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओढायचे किती, हेही ठरवावे लागते. एक मज्जापेशी आणि तिच्या ताब्यातील सर्व तंतू मिळून एक तुकडी होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तुकडीत जेमतेम दहाएक तंतू असतात, तर पोटरीच्या स्नायूत एक हजाराहून अधिक. त्यामुळे डोळा केसाइतका वळवता येतो, पण पोटरीने तेवढे बारीक काम होत नाही. हलके काम असले की लहान तुकड्या कामाला लागतात. भार वाढत जाईल तशा मोठ्या तुकड्या त्यांना येऊन मिळतात.

परंतु हुकूम सोडणे ही अर्धीच गोष्ट झाली. हुकूम पाळला गेला की नाही, याची बातमीही परत यावी लागते. स्नायूंच्या आत सूत कातण्याच्या चातीसारख्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला आहे ते मेरुरज्जूला व मेंदूला कळवतात. कंडरांमधील संवेदक ताणाचा जोर कळवतात. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे ते आपल्याला समजते ते यांच्यामुळे. या बातमीची किंमत इयान वॉटरमन या इंग्रज तरुणाच्या हकीकतीवरून कळते. १९७१ साली तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आज माझे आहे तेवढेच त्याचे वय. जर्सी बेटावर तो खाटिकाचे काम करीत असे. एका आजारानंतर मानेखालच्या शरीराची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीव त्याने कायमची गमावली. स्नायू शाबूत होते, त्यांना हुकूम नेणारे मज्जातंतूही शाबूत होते. तरी त्याला उठून बसता येईना. हात उचलला तर तो भलतीकडेच जाई. पुढे अनेक महिने खपून, प्रत्येक अवयवाकडे डोळ्यांनी पाहत, एकेक हालचाल तो नव्याने शिकला. तो चालू लागला, पण दिवे गेले की कोसळत असे. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. स्नायूंत ताकद असूनही बातमी नसेल तर ती वाया जाते, एवढे यावरून स्पष्ट होते.

याशिवाय मेंदू अंदाजही बांधतो. तेलाचा भरलेला डबा समजून आपण रिकामा डबा उचलतो तेव्हा हात झटक्यात वर जातो. म्हणजे डबा हलण्यापूर्वीच किती जोर लावायचा ते ठरलेले होते. हा अंदाज सवयीने घडतो आणि चुकत चुकत सुधारतो. या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे.

एवढी तयारी झाल्यावर आता मोंढ्यातील पोत्याकडे येता येईल. स्नायू हाडाला सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेले असतात. द्विशिर स्नायू कोपरापासून सुमारे ४ सेंटीमीटरवर ओढतो, आणि तळहात असतो सुमारे ३२ सेंटीमीटरवर. म्हणून तळहातावरील ५ किलोचे वजन तोलायला स्नायूला सुमारे ४० किलोइतका जोर लावावा लागतो. मोबदल्यात वेग मिळतो. स्नायू १ सेंटीमीटर आखडला की तळहात सुमारे ८ सेंटीमीटर हलतो. पण कंबरेत हा व्यवहार महाग पडतो. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. कंबरेत वाकून ५० किलोचा कट्टा कण्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरला, तर त्याला तोलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना सुमारे ४०० किलोइतके ओढावे लागते, आणि तेवढा दाब मणक्यांमधील चकत्यांवर येतो. स्वतःच्या धडाचे वजन त्यात धरलेले नाही. तोच कट्टा पाठीवर घेतला की त्याचा भार कण्याच्या आणि खुब्यांच्या जवळून खाली जातो व पाठीच्या स्नायूंचे ओढणे पुष्कळच कमी होते. वडील नव्या पोरांना सांगतात, "पोतं उचलू नको रे, पोत्याखाली जा." तरफेचे सारे गणित या वाक्यात आहे.

उतरवण्याचे शास्त्र त्याहूनही वेगळे. पोते थप्पीवर हळू ठेवताना स्नायू ओढत असतात आणि त्याच वेळी लांबही होत असतात. १९५२ साली ॲबट, ब्रेंडा बिग्लंड आणि रिची या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचे आणि दुसऱ्याने अंगावर येणारे पायडल रोखायचे. दोघांच्या पायांवरील जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. मात्र हे स्वस्त काम स्नायूला इजा अधिक करते. देवगिरीच्या किल्ल्यावर सहलीला गेलेल्यांना याचा अनुभव असेल. चढताना धाप लागते, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्याने. ट्रकच्या फळीवरून पोते घेऊन दिवसभर खाली येणाऱ्या माणसाच्या मांड्या संध्याकाळी का थरथरतात, ते मला यातून समजले.

वेतनाच्या तक्त्यांत कामगारांची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असते; ओझी वाहणे सहसा शेवटच्या रकान्यात पडते. येथपर्यंत वाचलेल्यांना मी विचारू इच्छिते की हे काम अकुशल कसे? अरुंद फळीवर ५० किलो घेऊन चालणाऱ्याचे शेकडो स्नायू क्षणाक्षणाला ठरवत असतात की कोणी ओढावे, कोणी सोडावे आणि किती. ज्वारीचा कट्टा पाठीवर पसरून बसतो, ढेपेचा कट्टा टोचतो. त्याप्रमाणे पाऊल बदलते. केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरील एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे त्या चालताना वाहतात आणि त्यासाठी त्यांना जादा प्राणवायू लागत नाही, असे त्यात आढळले. हे कसब त्यांना कोणत्याही शाळेने शिकवलेले नव्हते. ते लहानपणापासूनच्या सरावाने अंगी आलेले होते. प्रमाणपत्र नसले म्हणजे कौशल्य नसते, असा अर्थ काढणे बरोबर नाही.

तथापि कौशल्याचे कौतुक करून थांबलो तर तेही अन्यायाचे होईल. सरावाने स्नायू बळावतो, पण मणक्यांमधील चकती तशी बळावत नाही. कसब कितीही असले तरी भाराला मर्यादा हवी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाने वाहायचे कमाल वजन जेथे ५५ किलोहून अधिक असेल तेथे ते शक्य तितक्या लवकर कमी करावे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही वडिलांनी तरुणपणी १०० किलोची पोती वाहिली. आता मोंढ्यात बहुतेक कट्टे ५० किलोचे येतात. ते म्हणतात, ओझे अर्धे झाले, पण खेपा दुप्पट झाल्या.

दवाखान्याच्या कागदाने वडिलांना पुष्कळ विश्रांती सांगितली होती. त्यांनी घेतली बारा दिवस. त्यानंतर ते थप्पी रचण्याचे काम इतरांकडे देऊन पाठीवरच्या खेपाच तेवढ्या करू लागले. कट्टा पाठीवर चढवायला आणि उतरवायला दोघे साथीदार हात देतात. वाकून उचलणे त्यांनी सोडले आहे. मजुरीत थोडी घट झाली, ती आईने शिवणकाम वाढवून भरून काढली आहे. या लेखातील कंबरेचे गणित मी त्यांना पाटीवर काढून दाखवले. ४०० हा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो मोंढ्यातल्या पोरांना सांगितला.