मानसिक आजार आणि लोकमत

बेंगळूरच्या 'वेड्यांच्या आश्रयगृहा'ला म्हैसूर सरकारने १९२५ साली 'मानसिक रुग्णालय' असे नाव दिले. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. ज्याला पूर्वी कोंडून ठेवावयाचे, तो आता बरा करावयाचा रुग्ण ठरला. पुढे १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९७४ साली या दोहोंच्या एकीकरणातून 'निम्हान्स' ही संस्था उभी राहिली.

परंतु पाटीवरचा शब्द बदलला म्हणजे लोकांच्या मनातला शब्द बदलतोच असे नाही. मुलांची लग्ने जुळणार नाहीत, नोकरी जाईल, या भयाने कुटुंबे आजार लपवितात. उपचार लांबतात, आजार बळावतो. आणि असे बळावलेले रुग्णच तेवढे दृष्टीस पडत असल्यामुळे 'हा रोग बरा होत नाही' हा समज दृढ होतो. निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, बहुतेक मानसिक विकारांच्या बाबतीत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून वंचित आहेत.

हे दुष्टचक्र कोठे तोडावयाचे? त्याचे एक उत्तर कर्नाटकातच मिळाले. १९८० नंतरच्या दशकात निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना या आजारांच्या उपचारांचे शिक्षण दिले. याच अनुभवावर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. जेथे तापाचे औषध मिळते तेथेच मनाच्या आजाराचेही मिळू लागले, म्हणजे तो इतर आजारांसारखाच एक आजार ठरतो. बरा होऊन कामाला लागलेला शेजारी हाच सर्वांत प्रभावी प्रचार होय.

वृत्तपत्रे व चित्रपट यांची जबाबदारी येथूनच सुरू होते. गुन्ह्याच्या बातमीत, वैद्यकीय तपासणी होण्यापूर्वीच, आरोपीला 'माथेफिरू' म्हटले की, त्या एका शब्दाने असंख्य निरुपद्रवी रुग्ण संशयास पात्र ठरतात. उलट 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटाने स्किझोफ्रेनियाचा रुग्ण व त्याची बहीण यांची व्यथा समजुतीने मांडली.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र वा त्याच्या उपचारांची माहिती प्रसिद्धीस देण्यास मनाई केली आहे, आणि कलंक दूर करण्याचे कार्यक्रम आखून ते अमलात आणणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र 'उपचार घ्या' असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवून आलेल्या माणसाला आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषध मिळाले नाही, तर तो पुन्हा येणार नाही. म्हणून प्रचार आणि उपचार यांची व्यवस्था एकाच वेळी व्हावयास हवी.