सुवचन आणि त्याचे प्रकरण

सुवचन मुखोद्गत असणे निराळे आणि त्याचा अर्थ ठायी पडणे निराळे. ‘शुभस्य शीघ्रम्’ हे वचन प्रसिद्ध आहे. ‘अति घाई संकटात नेई’ हेही तितकेच प्रसिद्ध आहे. मग यांतील खरे कोणते? बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर स्थानकावर सकाळी मुंबईची गाडी गाठू पाहणाऱ्या माणसाचा विचार करावा. घरातून वेळेवर निघण्याच्या कामी पहिले वचन प्रमाण; पूल सोडून रूळ ओलांडण्याचा मोह झाला, तर दुसरे. तेथेही जो पहिल्याचाच आधार घेतो, तो प्राणास मुकतो. हा दोष वचनाचा नव्हे. प्रकरण न जाणण्याचा होय.

या बाबतीत ‘दृष्टांतपाठा’ची मांडणी मार्गदर्शक आहे. तेराव्या शतकातील या ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. सूत्र हे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे वचन. दृष्टांत ही त्यांनीच निरूपिलेली गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे केसोबासांनी त्या दोहोंचा लावून दाखविलेला अन्वय. त्यातील जात्यंध हत्तीचा एकेक अवयव चाचपतात आणि आपापले मत सांगतात. प्रत्येकाचा स्पर्श खरा; ‘हत्ती असाच’ हा आग्रह तेवढा खोटा. वचनांचेही तसेच आहे.

म्हणून साधकाने तीन गोष्टी पाहाव्यात: वचन कोणास सांगितले, कोणत्या प्रसंगी सांगितले आणि आपला प्रसंग त्याच्याशी जुळतो काय. दुसऱ्यास ऐकविण्याआधी जो ते स्वतःस लावून पाहतो, त्यालाच ते फळते.