संगणकाला ‘नाही’ कसे सांगावे?

मुळशी तालुक्याला दोन टोके आहेत. एका टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क. तेथे रात्रंदिवस संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले जातात. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडची डोंगरातली गावे. तेथील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर ओव्या गायिल्या. वरवर पाहता या दोन जगांचा संबंध नाही. परंतु ओवी संगणकात गेली की तिचे भवितव्य कधी कधी ‘हो’ की ‘नाही’ एवढ्याशा प्रश्नावर ठरते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी नांदगाव, कोळवडे यांसारख्या मुळशीतील गावांतल्या स्त्रियांच्या सहकार्याने ओव्या जमविल्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले व संग्रह एक लाखाच्या वर गेला. बर्नार्ड बेल यांनी त्याची संगणकीय नोंदणी उभारली, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. या कार्यापासून स्फूर्ती घेऊन मीही भाषेच्या स्वाध्यायासाठी आमच्या वाडीतील वृद्ध स्त्रियांकडून थोड्या ओव्या उतरवून घेतल्या. शब्द मोजण्यासाठी एका परिचिताने पायथन भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम दिला.

या प्रोग्रॅमला ‘प्रमाण’ नावाचा एक पर्याय होता. तो ‘हो’ असेल तर बोलीतील ‘म्या’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ यांचे ‘मी’, ‘होतं’, ‘नाही’ असे प्रमाणरूप होई. मला बोली जशीच्या तशी हवी होती. म्हणून आज्ञा दिली ती अशी (येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहे) :

पायथन ओवी.पाय --प्रमाण=फॉल्स ओव्या.टेक्स्ट

‘फॉल्स’ म्हणजे असत्य, अर्थात ‘नाही’. तरीही यादीत एकही ‘न्हाई’ उरला नाही!

असे का झाले? आज्ञेच्या ओळीत आपण जे जे टंकतो ते ते प्रोग्रॅमकडे केवळ अक्षरांची माळ म्हणून पोहोचते. तिचा अर्थ लावणे हे प्रोग्रॅमचे काम. पायथनमध्ये हे काम ‘आर्गपार्स’ नावाचे साधन करते. परिचिताने त्यात ‘टाइप=बूल’ असे लिहिले होते. ‘बूल’ हे नाव जॉर्ज बूल या गणितज्ञावरून आले. १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून सत्यासत्याचे बीजगणित मांडले. पण पायथनच्या ‘बूल’ला अक्षरमाळ दिली की ते तिचा अर्थ पाहत नाही, माळ रिकामी आहे की भरलेली, एवढेच पाहते. रिकामी माळ असत्य, भरलेली सत्य. ‘फॉल्स’ या शब्दात अक्षरे आहेत, म्हणून तो सत्य! ‘नाही’ लिहा, ‘०’ लिहा, उत्तर ‘हो’च.

यावर उपाय तीन आहेत.

पहिला उपाय, पर्यायाला मूल्यच देऊ नये. ‘अॅक्शन=स्टोअर_ट्रू’ असे लिहिले की ‘--प्रमाण’ हा शब्द आज्ञेत असणे म्हणजे ‘हो’ आणि नसणे म्हणजे ‘नाही’. व्यवहारात आपण मौन ही संमती समजतो. येथे मौन हा नकार असतो. मग कोणी ‘--प्रमाण=फॉल्स’ लिहिलेच, तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. चुकीचे काम गुपचूप करण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

दुसरा उपाय, ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही स्पष्ट सांगता यावेत अशी सोय. २०२० मध्ये आलेल्या पायथन ३.९ पासून ‘बूलियनऑप्शनलअॅक्शन’ उपलब्ध आहे. त्याने ‘--प्रमाण’ आणि ‘--नो-प्रमाण’ अशी जोडी आपोआप तयार होते. मूळचे उत्तर ‘हो’ ठेवावयाचे असेल तेथे ही जोडी हवीच. नाहीतर नकार देण्यास जागाच उरत नाही.

तिसरा उपाय, मूल्य घ्यावयाचेच असेल तर ते तपासणारे छोटे फंक्शन स्वतः लिहावे. ‘ट्रू’, ‘हो’, ‘१’ यांना सत्य मानावे. ‘फॉल्स’, ‘नाही’, ‘०’ यांना असत्य. आणि यांखेरीज काहीही आले तर तर्क न लढविता चूक दाखवावी.

यासोबत दोन पथ्ये पाळावीत. पर्यायाचे नाव होकारार्थी असावे. ‘--बदलू-नको=नाही’ असे लिहिले तर बदलायचे की नाही, हे वाचणाराच विचारील. दुसरे, काहीच न सांगितल्यास जे घडेल ते निरुपद्रवी असावे. बोली पुसणे, फाइल खोडणे, मूळ प्रतीवरच लिहिणे ही कामे कोणी मुद्दाम सांगितल्यावाचून होता कामा नयेत.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझ्या मते पडलेच पाहिजे. ज्या बाईने ओवी गायिली ती संगणकापुढे बसलेली नसते. तिचा ‘न्हाई’ यादीतून गेला तर तक्रार करणारे कोणी नसते. मोजणी नेटकी दिसते, तक्ता छापला जातो, आणि मुळशीच्या बोलीत अमुक रूप आढळत नाही असा निष्कर्ष निघतो. म्हणून मित्रहो, प्रोग्रॅम कोणीही लिहिलेला असो, प्रथम चार ओळींवर तो एकदा ‘हो’ म्हणून आणि एकदा ‘नाही’ म्हणून चालवून पाहावा. दोन्ही वेळा उत्तर एकच आले, तर त्याला आपला नकार अजून कळलेला नाही असे समजावे.

— तृतीय वर्ष, कला