गुडघ्यांसाठी पहिला पैसा कुठे घालावा?

गुडघे दुखायला लागले की आपल्याकडे पैसा बहुतेक वेळा उलट्या टोकाने खर्च होतो. आधी जाहिरातीतलं तेल, मग मेडिकलमधून आणलेला पट्टा, मग शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून एमआरआय, त्यानंतर इंजेक्शन. मांडीतलं बळ पार गेल्यावर, सगळ्यात शेवटी, फिजिओथेरपिस्ट. खरं तर ज्याचा उपयोग सर्वांत जास्त तेच सर्वांत स्वस्त आहे. म्हणून इथे खर्च त्याच क्रमाने मांडला आहे. रकमा पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत साधारण पडतात त्या धरल्या आहेत. मुंबईत सव्वा ते दीडपट समजा, तालुक्याच्या गावी थोड्या कमी.

आधी एक गोष्ट निश्चित करून घ्या. हे सगळं वयोमानाने होणाऱ्या गुडघ्याच्या झिजेबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल आहे. झिजेचा गुडघा सकाळी आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, बोटांचे आणि मनगटाचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजत असतील, तर तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. त्यात वाट पाहण्याने सांधे कायमचे बिघडतात. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची तपासणी ८०० ते १,५०० रुपयांत होते आणि त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध महागही नाही. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. आणि गुडघा अचानक लाल, गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

झिजेच्या गुडघ्याला पहिली भेट अस्थिरोगतज्ज्ञाची. फी ५०० ते १,००० रुपये. एक्स-रे ४०० ते ९०० रुपये, पण तो दोन्ही गुडघ्यांचा आणि उभं राहून काढायला सांगा. आडवं झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडांमधली खरी फट कळत नाही, मग पुन्हा काढावा लागतो. एमआरआयला ५,००० ते ९,००० रुपये लागतात. पन्नाशीनंतर ज्यांना काहीही दुखत नाही अशा कित्येकांच्या एमआरआयमध्येही गुडघ्यातली गादी फाटलेली दिसते. गुडघा अडकून बसत असेल, मार लागला असेल किंवा डॉक्टरांना दुसरीच शंका असेल तर तो जरूर काढावा. नुसतं ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून काढू नये.

आता मुख्य खर्च. फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात एका वेळेचे ३०० ते ७००, घरी बोलावलं तर ६०० ते १,२०० रुपये. बऱ्याच ठिकाणी दहा किंवा पंधरा दिवसांचं पॅकेज मिळतं आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळ मशीनचा शेक चालतो. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घरी गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटतं. माझं स्पष्ट मत असं, की पॅकेजच्या पैशांत सलग पंधरा दिवस जाण्यापेक्षा दोन-अडीच महिन्यांत पाच-सहा भेटी घ्या. पहिल्या दोन भेटींत व्यायाम शिका, मग दर पंधरवड्याला जाऊन ते बरोबर होत आहेत का ते तपासून घ्या आणि थोडे अवघड करून घ्या. हे सगळं तीन-साडेतीन हजारांत बसतं. तेही जड जात असेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. मुंबईकरांसाठी हाजीअलीला केंद्र सरकारची १९५५ सालची पुनर्वसन संस्था आहे. तिथे जाण्यायेण्यात वेळ जातो, पण शिकवतात नीट.

शिकायचं काय, तर मुख्यतः मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करणं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि पाच-सहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची. एक पाय दुमडून दुसरा ताठ ठेवायचा आणि वीतभर उचलायचा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. हा शेवटचा व्यायाम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो रोजच्या जगण्यातलाच आहे. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे उंची वाढते. व्यायामाने थोडं दुखलं तर घाबरून सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं पूर्वीइतकं उतरलं तर मात्रा बरोबर आहे, न उतरलं तर थोडी कमी करा. फरक जाणवायला दीड ते तीन महिने लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि ‘व्यायामाने काही झालं नाही’ म्हणतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

‘चालून गुडघे झिजतात’ हा समज तर पुसूनच टाकायला हवा. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो-उतरतो तेव्हाच आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. एका दमात तासभर चालवत नसेल तर पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या करा, सपाट रस्त्यावर. चांगल्या मऊ तळव्याच्या बुटांना १,२०० ते २,५०० रुपये पडतात आणि ते वसूल होतात. घरात चालवायची जुनी एक्सरसाइज सायकल ३,००० ते ५,००० रुपयांत मिळते; सीट उंच ठेवा, म्हणजे गुडघा फार दुमडत नाही. वजन जास्त असेल तर एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

गुडघ्याला सोसत नाही ती उकिडवी बैठक. इथे बायकांचे हाल जास्त, कारण खुरपणी, भातलावणी, कपडे धुणं, भाजी निवडणं सगळं जमिनीवर. काम सोडा असं सांगून उपयोग नाही, कामाची उंची बदला. कपड्यांसाठी बादली कट्ट्यावर घ्या, भाजी टेबलाशी बसून निवडा, शेतात ओळीत पेरलेलं पीक असेल तर सायकल कोळपं वापरा. ते दोन-अडीच हजारांत येतं आणि खुरपं घेऊन बसण्याचे कित्येक तास वाचवतं. पूजेला किंवा भजनाला मांडी घालता येत नसेल तर निःसंकोच खुर्ची घ्या. देशी शौचकूपावर ठेवायचं कमोड स्टूल ८०० ते २,००० रुपयांना मिळतं. भिंतीला धरायच्या दांडीला बसवण्यासकट ७०० ते १,२०० रुपये. घर पुन्हा बांधायची गरज नसते, या दोन वस्तूंनी सकाळ सुसह्य होते.

काठी २०० ते ५०० रुपयांची. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. काठीने म्हातारपण येत नाही, फिरणं टिकतं. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी २०२४मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस अशा वस्तूंसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. चौकशी समाजकल्याणच्या कार्यालयात करा. फिजिओथेरपीसाठी तालुक्याला जाणाऱ्यांनी एसटीची सवलतही धरावी: महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना मोफत प्रवास.

औषधांत पहिला मान डायक्लोफेनॅक जेलचा. गुडघा कातडीच्या जवळ असल्याने ते लागू पडतं आणि पोटात घ्यायच्या गोळीइतका त्रास देत नाही. जनऔषधी केंद्रात ते ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीला मिळतं. वेदनाशामक गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना त्या फार महागात पडतात. डायलिसिसचा खर्च गुडघ्याच्या खर्चाहून कितीतरी मोठा. त्याहून वाईट म्हणजे बाजारात, जत्रेत मिळणारी बिनलेबलची ‘जडीबुटी’ पावडर. दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटलं तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलं असण्याची दाट शक्यता असते. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर लोक महिन्याला ६०० ते १,२०० रुपये घालतात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९च्या शिफारशींत त्या गुडघ्यासाठी वापरू नयेत असं ठामपणे म्हटलं आहे. ते पैसे बूट आणि फिजिओथेरपिस्टकडे वळवा.

इंजेक्शनबाबतही तेच. स्टिरॉइडचं इंजेक्शन ७०० ते २,००० रुपयांत होतं. गुडघा सुजून बसला असेल तर काही आठवडे आराम देतं आणि तेवढ्या काळात व्यायाम सुरू करता येतो. मधुमेहींनी त्यानंतर काही दिवस साखर तपासत राहावी. ‘वंगणाचं’ म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन ८,००० ते २५,००० रुपयांचं, आणि स्वतःच्या रक्तातून बनवलेल्या पीआरपीचं प्रत्येकी ६,००० ते १५,००० रुपयांचं, तेही तीन-तीन. याच शिफारशी पीआरपीच्या ठाम विरोधात आहेत, वंगणाच्या इंजेक्शनलाही अनुकूल नाहीत. कर्ज काढून किंवा मुलाकडून उसने घेऊन ही घेऊ नयेत, असंच मी सांगेन. दुर्बिणीने गुडघा ‘धुऊन’ घेण्याचा सल्ला झिजेसाठी कुणी दिला तर लक्षात असू द्या, की २००२मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना फक्त वरवर छेद दिले होते आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नव्हता.

एवढं करूनही रात्री झोपेतून दुखणं उठवत असेल, घरातल्या घरात फिरणं अवघड झालं असेल, तर सांधेरोपणाला विनाकारण घाबरू नका. २००० साली ब्रीच कँडी रुग्णालयात अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यावर झाली तेव्हा ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. आज ती जिल्ह्याच्या गावीही होते. खासगी रुग्णालयात एका गुडघ्याला साधारण दीड ते साडेतीन लाख रुपये लागतात. यातला कृत्रिम सांधा महाग म्हणून बिल मोठं, असं सांगितलं जात असेल तर ते तपासा. २०१७च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी तो सरासरी दीड लाखाच्या वर विकला जात होता. मर्यादा पुढेही चालू राहिली, आकड्यांत थोडे बदल झाले. सांध्याचं नाव, कंपनी, बॅच आणि किंमत बिलात वेगळी दाखवणं बंधनकारक आहे. अंदाजपत्रकात सांधा, शस्त्रक्रियागृह, डॉक्टर, खोली, औषधं आणि फिजिओथेरपी यांचे आकडे वेगवेगळे मागा. रोबोटसाठी पाऊण-एक लाख जादा मागितले तर काही वर्षांनंतरच्या दुखण्यात त्याने मोठा फरक पडतो असं सिद्ध झालेलं नाही, हे मनाशी ठेवून ठरवा. अनुभवी हात आणि जंतुसंसर्गाची काळजी घेणारं रुग्णालय जास्त महत्त्वाचं.

पैशांची सोय आधीच पाहून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. तुमच्या जिल्ह्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात मंजूर होते ते आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. दाखल होण्यापूर्वी तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला द्या. खासगी विम्यात सांधेरोपणाला बहुधा दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते, तेव्हा पॉलिसी दुखणं वाढायच्या आधी घ्यावी. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडून वरची खोली घेतली तर कंपनी बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लावू शकते.

शस्त्रक्रियेनंतरचे दीड-दोन महिने फिजिओथेरपी घरी घ्यावी लागते. तिचे पंधरा ते तीस हजार रुपये वेगळे काढून ठेवा, कारण सांधा कितीही चांगला बसवला तरी त्याला वाकायला शिकवतो तो हाच काळ. बऱ्याच पॉलिसी घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च देतात; त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा सल्ला लिहून घ्या आणि प्रत्येक भेटीची पावती फिजिओथेरपिस्टच्या सही-शिक्क्यासह त्याच दिवशी मागून ठेवा.