तापाचं आधी सांगा

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर ‘लस नको’ म्हणणारी आई अडाणी असते, हा समज आधी टाकून द्यावा, असं माझं मत आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट लस टोचली की बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी सुजते. एक-दोन दिवसांत हे ओसरतं. पण केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईचा तेवढ्यात खाडा पडतो. तिचा नकार हा हिशेब असतो. ‘काही होत नाही’ असं सांगून सुई दिली आणि रात्री बाळाचं अंग तापलं, की पुढच्या डोसाला खरं बोलणाऱ्या आशाताईवरही तिचा विश्वास उरत नाही. गोवर-रुबेलाच्या लसीनंतरचा ताप तर आठवडा-दीड आठवड्याने येतो. तो येऊ शकतो हे आधी ठाऊक नसेल, तर घाबरणारच ना?

तापाचं बोललं तर बायका आणखी बिचकतील, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही, कारण ही बातमी शेजारणीने आधीच पोचवलेली असते. आपण फक्त तिला जोड द्यायची: ताप का येतो, किती दिवस राहतो, औषध कोणतं, आणि कोणतं लक्षण दिसलं की थेट दवाखाना गाठायचा.

सक्तीने काम लवकर उरकतं म्हणणाऱ्यांनी 1897 चं पुणं आठवावं. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जर घरात शिरले, लोकांनी रोगी लपवले आणि 22 जूनला या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. याउलट, त्याच वर्षी 10 जानेवारीला मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे 19 माणसं धनुर्वाताने दगावली. तेव्हा ‘लसीने माणसं मेलीत’ असं कुणी म्हणालं तर हसू नये. हे घडलं होतं हे कबूल करावं, आणि मगच सांगावं की लस घेऊनच देशातला पोलिओ गेला; शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. गोवर मात्र गेलेला नाही, 2022 मध्ये मुंबईत त्याने मुलांचे जीव घेतले.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी कार्ड मागण्याआधी एवढं विचारा, “मागच्या खेपेला बाळाला काय त्रास झाला होता, ताई?” आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.